वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर, १८८२ - ८ एप्रिल, १९५३) हे भारतीय उद्योजक होते. बांधकाम, जहाजवाहतूक, जहाजबांधणी, विमाननिर्मिती, मोटारनिर्मिती आणि साखर या उद्योगांमध्ये त्यांनी कंपन्या उभारल्या. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक होते आणि १९२९ ते १९५० या काळात त्या कंपनीचे अध्यक्ष होते. बंगळूर येथील हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान कारखान्याची आणि विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची सुरुवात त्यांच्या पुढाकाराने झाली. परकीय कंपन्यांनी दर पाडून चालविलेल्या स्पर्धेत देशी वाहतूक कंपनीने भांडवल कोठून आणावे आणि तोटा किती काळ सोसावा, हा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीच्या केंद्रस्थानी राहिला.

प्रारंभिक जीवन

वालचंद यांचा जन्म सोलापूर येथे एका दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. हे कुटुंब मूळचे गुजरातमधील असले तरी सोलापुरात स्थायिक झालेले होते. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा व्यवसाय होता. वालचंद यांच्या जन्मानंतर अल्पावधीतच त्यांच्या आईचे निधन झाले. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आणि पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात शिक्षण घेतले. मात्र पदवी पूर्ण न करताच ते घरच्या व्यवसायात आले. व्याजबट्ट्याच्या आणि कापसाच्या व्यवहारात त्यांचे मन रमले नाही.

रेल्वेत पूर्वी कारकून असलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेबांधणीची कंत्राटे घेण्यास सुरुवात केली. फाटक यांच्याकडे रेल्वेच्या कामाची माहिती होती, तर वालचंद यांच्याकडे घरच्या पेढीची पत होती. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या छोट्या टप्प्याचे काम हे या भागीदारीचे आरंभीचे काम होय. पुढे फाटक-वालचंद हे नाव मुंबई इलाख्यातील ठेकेदारांमध्ये प्रतिष्ठेचे झाले.

बांधकाम व्यवसाय

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, फाटक-वालचंद यांचा व्यवसाय टाटा उद्योगसमूहाच्या सहभागाने स्थापन झालेल्या टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत विलीन झाला. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारी जलवाहिनी ही या काळातील मोठी कामे होती. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली. सिंधू नदीवरील कालाबाग येथील पूल आणि ब्रह्मदेशातील इरावती नदीवरील पूल यांच्या बांधकामातही वालचंद यांच्या समूहाचा वाटा होता.

ठेकेदारीच्या धंद्याने त्यांना भांडवलाच्या वापराची एक विशिष्ट शिकवण दिली. या धंद्यात काम पूर्ण होण्यापूर्वीच टप्प्याटप्प्याने देयके मिळतात. त्यामुळे स्वतःची रक्कम तुलनेने कमी गुंतवून मोठे काम अंगावर घेता येते. परंतु देयक लांबले किंवा अंदाज चुकला तर सारा डोलारा कोसळण्याचा धोका असतो. मोठे काम आधी हाती घ्यावे आणि पैशाची व्यवस्था त्यामागून करावी, ही त्यांची पुढील आयुष्यातील पद्धत येथेच घडली.

सिंदिया कंपनीची स्थापना

१९१९ मध्ये एका रेल्वेप्रवासात वालचंद यांना परिचिताकडून अशी माहिती मिळाली की, ग्वाल्हेरच्या महाराजांनी युद्धकाळात रुग्णालय-जहाज म्हणून चालविलेली लॉयल्टी ही आगबोट विक्रीस आहे. हे जहाज मूळचे कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे, १८९१ मधील एम्प्रेस ऑफ इंडिया होते. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास या मुंबईच्या व्यापाऱ्यांना सोबत घेऊन वालचंद यांनी ते विकत घेण्याचे ठरविले. २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यावरून कंपनीला हे नाव मिळाले. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. या घटनेच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा दिवस भारतात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

कंपनीचे अधिकृत भांडवल साडेचार कोटी रुपये ठरविण्यात आले. त्या काळातील देशी कंपनीसाठी ही रक्कम फार मोठी होती. भांडवल मुख्यतः सामान्य भागधारकांकडून उभारण्यात आले आणि त्यातून ब्रिटनमधील पॅलेस शिपिंग कंपनीची जुनी मालवाहू जहाजे घेण्यात आली. युद्ध नुकतेच संपल्यामुळे जहाजांच्या किमती या वेळी चढलेल्या होत्या. पुढील एक-दोन वर्षांतच जगभर मालवाहतुकीचे दर कोसळले आणि महागात घेतलेल्या जहाजांचे मूल्यही घटले. लॉयल्टीला परदेशी बंदरांत कोळसा व माल मिळविण्यात अडचणी आल्या. काही फेऱ्यांनंतर तिची प्रवासी वाहतूक परवडेनाशी झाली आणि १९२३ मध्ये ती भंगारात निघाली.

दरयुद्ध

भारताच्या किनाऱ्यावरील वाहतूक त्या वेळी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या हातात होती. १९१४ मध्ये ही कंपनी पी अँड ओ कंपनीशी संलग्न झाली आणि दोन्हींचे नेतृत्व लॉर्ड इंचकेप यांच्याकडे आले. नव्या स्पर्धकाला हटविण्याची या कंपन्यांची रीत जुनी होती. १८९० च्या दशकात जमशेटजी टाटा यांनी जपानला सूत पाठविण्यासाठी सुरू केलेली जहाजसेवा याच रीतीने बंद पाडण्यात आली होती. १९०६ मध्ये व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी तुतिकोरिन येथे स्थापन केलेल्या स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनीलाही भाडेकपात आणि राजकीय दडपशाही यांपुढे टिकता आले नाही.

या रीतीची दोन अंगे होती. पहिले अंग म्हणजे ज्या मार्गावर नवी कंपनी उतरेल त्या मार्गावरील दर खर्चाच्याही खाली आणणे. मोठी कंपनी एका मार्गावरचा तोटा इतर मार्गांवरील नफ्यातून भरून काढू शकत असे. नव्या कंपनीकडे असे दुसरे मार्ग नसत. दुसरे अंग म्हणजे लांबणीवर टाकलेली सूट. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्याचा काही भाग त्याला परत मिळे, परंतु तो ठरावीक मुदतीनंतर आणि त्या मुदतीत त्याने एकही नग दुसऱ्या कंपनीच्या जहाजातून पाठविला नसेल तरच. नव्या कंपनीचे दर कमी असले तरी साठलेली सूट बुडेल या भीतीने व्यापारी तिच्याकडे वळत नसत.

सिंदियाने नुकसान सोसत दर उतरविले. इंचकेप यांनी कंपनी विकत घेण्याची तयारी दर्शविली, परंतु संचालकांनी ती नाकारली. मात्र तोटा अमर्याद काळ सोसणे शक्य नव्हते. १९२३-२४ मध्ये दोन्ही बाजूंत दहा वर्षांचा करार झाला. त्यानुसार सिंदियाला किनारी मालवाहतुकीत स्थान मिळाले. त्याबदल्यात तिच्या एकूण जहाजक्षमतेवर मर्यादा आली आणि प्रवासी वाहतूक व परदेशी मार्ग यांपासून तिला दूर राहावे लागले. वालचंद यांना हा करार अपमानास्पद वाटे. तरीही या करारामुळे कंपनीला दर स्थिर राहण्याची हमी आणि आर्थिक स्थिती सावरण्यास अवधी मिळाला, हेही खरे आहे.

याच सुमारास नेमलेल्या भारतीय व्यापारी नौदल समितीने किनारी वाहतूक क्रमाक्रमाने भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, अशी शिफारस केली. १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी त्यासाठी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले. वालचंद यांनी या मागणीसाठी व्यापारी संस्थांमधून दीर्घकाळ प्रचार केला. परंतु ब्रिटिश राजवटीत तिला कायद्याचे रूप मिळाले नाही.

अध्यक्षपद आणि विस्तार

नोव्हेंबर १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे मोटार अपघातात निधन झाले आणि सिंदियाचे अध्यक्षपद वालचंद यांच्याकडे आले. १९३५ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या लवादाने किनारी वाहतुकीतील ब्रिटिश व भारतीय कंपन्यांचे वाटे नव्याने ठरविले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिंदियाने हज यात्रेकरूंच्या वाहतुकीत पाऊल टाकले. तेथे मुघल लाइन या कंपनीशी तिचे तीव्र भाडेयुद्ध झाले. यात्रेकरूंना स्वस्त प्रवास मिळाला, पण दोन्ही कंपन्यांना तोटा झाला.

दरयुद्धाच्या काळात कंपनी टिकविण्याचे मार्ग मर्यादित होते. लाभांश रोखून ठेवणे, घसाऱ्याचा निधी नवी जहाजे घेण्यासाठी वापरणे, मंदीत इतरांनी विकलेली जुनी जहाजे स्वस्तात घेणे आणि लहान कंपन्या त्यांच्या मार्गांसह सामावून घेणे, हे ते मार्ग होत. यांतील शेवटच्या मार्गामुळे वालचंद यांच्यावर टीकाही झाली. जी कंपनी परकीय मक्तेदारीविरुद्ध तक्रार करीत होती, तिचेच वर्चस्व लहान देशी कंपन्यांना जाचक वाटू लागले. भोर लवादापुढे आलेल्या प्रश्नांत लहान भारतीय कंपन्यांच्या वाट्याचा प्रश्नही होता.

कोकण किनारा

या स्पर्धेचा सर्वाधिक प्रत्यक्ष परिणाम कोकणातील उतारूंवर होत असे. रत्‍नागिरी जिल्ह्यात त्या वेळी रेल्वे नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत काम करणारा चाकरमानी गावी जाई तो आगबोटीने. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्‍नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरे घेत बोटी दक्षिणेकडे जात. अनेक बंदरांत धक्का नसल्याने बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे.

शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेले संगमेश्वर हे या व्यवस्थेवर अवलंबून असलेल्या गावांपैकी एक होते. शास्त्री नदी पुढे जयगड येथे समुद्राला मिळते. या खाडीतून गलबते आणि होड्या यांची ये-जा असे. त्यामुळे जयगड हे संगमेश्वर परिसराचे समुद्राकडील दार होते. घाटावर जाण्यासाठी साखरप्यावरून आंबा घाटाचा रस्ता होता, परंतु मुंबईशी असलेला संबंध प्रामुख्याने समुद्रमार्गाचा होता. बोटीचे भाडे काही आण्यांनी कमी झाले तरी वर्षातून एकदा गावी जाणाऱ्या कुटुंबाला त्याचा फरक जाणवे. स्पर्धा संपून भाडे पूर्ववत झाले की तोच फरक उलट दिशेने जाणवे.

कोकण किनाऱ्यावर दीर्घकाळ सेवा देणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सिंदियाच्या ताब्यात आली आणि १९५० च्या दशकाच्या प्रारंभी तिच्यात विलीन झाली. त्यामुळे १९२०च्या दशकातील करारान्वये प्रवासी वाहतुकीपासून दूर ठेवली गेलेली सिंदिया पुढे कोकणच्या प्रवासी वाहतुकीतील प्रमुख कंपनी बनली. रस्ते सुधारल्यावर या वाहतुकीचे महत्त्व घटत गेले. कोकण रेल्वेमुळे संगमेश्वर मुंबईशी लोहमार्गाने जोडले गेले आणि १९९८ मध्ये ही रेल्वे पूर्णपणे सुरू झाली.

विमाननिर्मिती आणि हवाई वाहतूक

१९३९ मध्ये अमेरिकेला जाताना विमानप्रवासात वालचंद यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी पडली. पॉली चीनमध्ये विमान कारखाना चालवीत होते. या भेटीतून भारतात विमाने बांधण्याची योजना पुढे आली. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. तिचे अधिकृत भांडवल चार कोटी रुपये होते. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्या कारकिर्दीत संस्थानाने जमीन आणि भांडवल पुरविले. १९४१ मध्ये भारत सरकार २५ लाख रुपये गुंतवून एक तृतीयांश भागधारक झाले आणि त्याच वर्षी हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान येथे तयार झाले. युद्ध भारताच्या सीमेपर्यंत आल्यावर, १९४२ मध्ये, सरकारने वालचंद यांच्या समूहाचे भाग विकत घेऊन कारखान्याचे व्यवस्थापन हाती घेतले. हाच कारखाना पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या नावाने ओळखला जाऊ लागला.

हवाई वाहतुकीतही सिंदियाने प्रवेश केला. मुंबई आणि काठेवाड यांच्यात सेवा देण्यासाठी १९३७ मध्ये सुरू झालेली एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही कंपनी १९४३ मध्ये सिंदियाने विकत घेतली. युद्ध संपल्यावर लष्कराची उरलेली डाकोटा विमाने अतिशय कमी किमतीत उपलब्ध झाली. विमान स्वस्त, वैमानिक उपलब्ध आणि भागभांडवल देण्यास लोक उत्सुक, अशा स्थितीत अनेक नव्या विमान कंपन्या निघाल्या. परंतु विमान स्वस्तात मिळाले तरी ते चालविणे स्वस्त नव्हते. इंधन, दुरुस्ती, सुटे भाग आणि कर्मचारी यांवरील खर्च कायम होता. प्रवासी मात्र मोजके होते आणि ते अनेक कंपन्यांत विभागले गेले. सरकारने विमान इंधनावरील करात सूट दिली, तरी बहुतेक कंपन्या तोट्यात राहिल्या. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५० मध्ये कंपन्यांची संख्या वाहतुकीच्या मानाने जास्त असल्याचे दाखवून दिले. १ ऑगस्ट १९५३ रोजी हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि एअर सर्व्हिसेस ऑफ इंडियासह आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स अस्तित्वात आली. वालचंद यांचे निधन त्यापूर्वी चार महिने झाले होते.

जहाजबांधणी आणि इतर उद्योग

जहाजबांधणीच्या कारखान्यासाठी वालचंद यांची पहिली पसंती कलकत्त्याला होती. तेथे जागा न मिळाल्याने विशाखापट्टणमची निवड झाली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. एप्रिल १९४२ मध्ये विशाखापट्टणमवर जपानी बाँबहल्ला झाल्याने काम खंडित झाले. युद्धानंतर ते पुन्हा सुरू होऊन १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते जलउषा या जहाजाचे जलावतरण झाले. मात्र येथे बांधलेल्या जहाजाचा खर्च परदेशी जहाजापेक्षा जास्त येत असे आणि हा फरक खाजगी कंपनीला पेलवणारा नव्हता. १९५२ मध्ये कारखान्याची बहुतांश मालकी सरकारकडे गेली आणि हिंदुस्तान शिपयार्ड ही कंपनी स्थापन झाली.

नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातील कळंब येथे वालचंद यांनी ऊसशेती आणि साखर कारखाने उभारले. कळंब येथील वसाहत वालचंदनगर या नावाने प्रसिद्ध झाली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची नोंदणी झाली आणि क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने मुंबईत कुर्ला येथे मोटारींची जुळणी सुरू झाली.

सार्वजनिक कार्य

१९२७ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स या संस्थेच्या उभारणीत वालचंद अग्रभागी होते. इंडियन मर्चंट्स चेंबर आणि भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघ या संस्थांचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. राष्ट्रीय चळवळीतील नेत्यांशी त्यांचा निकटचा संबंध होता. त्याच वेळी सरकारी कंत्राटे आणि युद्धकाळातील सरकारी मागण्या यांवरही त्यांचे उद्योग अवलंबून होते. या दुहेरी भूमिकेची चर्चा त्यांच्या हयातीतच झाली.

अखेरचा काळ

१९४९ मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले. अखेरच्या काळात त्यांची शुश्रूषा पत्नी कस्तुरबाई यांनी केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. उद्योगसमूहाची जबाबदारी त्यांचे बंधू आणि कुटुंबीय यांच्याकडे गेली.

मूल्यमापन

वालचंद यांच्या वाहतूक उद्योगांच्या अर्थकारणात एक सूत्र आढळते. आरंभीचे भांडवल भागधारकांचे, साधने शक्यतो जुनी व स्वस्त, तोट्याचा काळ इतर व्यवसायांच्या आधारावर काढणे आणि अखेरीस राज्यसंस्थेकडून संरक्षण, मागणी किंवा भांडवल मिळविणे, असे ते सूत्र होते. या सूत्रातील शेवटचा दुवा परकीय राजवटीत कमकुवत होता. स्वातंत्र्यानंतर तो मिळाला, पण त्याबरोबर जहाज कारखाना आणि विमान कंपनी यांची मालकीही सरकारकडे गेली. किनारी वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याची त्यांची मागणी स्वातंत्र्यानंतर अल्पावधीत मान्य झाली.

पुढील काळातील किफायती विमान कंपन्यांपुढेही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. २००३ मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कनने तिकिटाचे दर खाली आणून नवा प्रवासी वर्ग निर्माण केला, परंतु तोट्यामुळे काही वर्षांतच तिची मालकी बदलली. इंडिगोने २००५ मध्ये एकदम १०० एअरबस विमानांची मागणी नोंदविली. मोठ्या खरेदीवर मिळालेली सवलत आणि विमाने भाडेपट्टा कंपन्यांना विकून पुन्हा भाड्याने घेण्याची पद्धत यांच्या साहाय्याने तिने विस्तार केला. अशा विस्तारात विमानाची मालकी आणि त्याच्या घसाऱ्याचा धोका दुसऱ्याकडे जातो आणि विमान कंपनीकडे दरमहा भाडे भरण्याचे दायित्व उरते. वालचंद यांच्या काळात जहाजांसाठी असा पर्याय सहज उपलब्ध नव्हता. महायुद्धानंतर चढ्या किमतीत घेतलेल्या जहाजांच्या मूल्यातील घट त्यांच्या भागधारकांना स्वतःच सोसावी लागली.

स्मृती

वालचंदनगर हे गाव, सांगली येथील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सोलापुरातील शैक्षणिक संस्था यांना त्यांचे नाव देण्यात आले आहे. २००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले.